जिन्याची पाठ

चि. चिऊ,


तुझ्या एकांकिकेच्या सेटचं चित्र मिळालं. चित्र म्हणून सुरेख आहे. वाड्याचा चौक, तुळशीवृंदावन, वर माडी, माडीवर जाणारा जिना. पण जिना चढून गेलेला माणूस पुढे जातो कुठे? मागून उतरायला शिडी नसेल तर प्रवेश संपेपर्यंत तो बिचारा वर काळोखात उभा. जिना काढलास, त्याची पाठ काढायची राहिली.

नेपथ्य हा शब्द मुळात पडद्यामागच्या जागेचा. संस्कृत नाटकात ‘नेपथ्ये’ असं आलं की आवाज आतून येतोय असं समजायचं. आपण तो प्रेक्षकांना दिसणाऱ्या देखाव्याला लावला. तू मात्र आतूनच सुरुवात कर. विंगेत किती जागा उरते, नऊवारी नेसलेली बाई हातात ताट घेऊन तिथे वळू शकते का, हे आधी मोज. माडीला छत घालणार असलीस तर प्रकाशयोजनाकाराला आत्ताच विचार. वरून येणारा उजेड अडला की नटाचं तोंड अंधारात जातं, आणि शिव्या प्रकाशयोजनाकाराला बसतात.

डावं-उजवं नेहमी नटाचं धरायचं, प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या नटाचं. मी कॉलेजात प्रॉपर्टी सांभाळायचो. ‘पत्र राइट विंगेत ठेव,’ असं मला सांगितलं होतं. मी खुर्चीत बसून दिसणारी उजवी बाजू धरली. नट रिकाम्या हाताने आत गेला आणि खिशातलं लाँड्रीचं बिल उघडून त्याने वडील वारल्याची बातमी वाचली. प्रेक्षक रडले. नंतर विंगेत मी.

माणसांची कामं तुला हळूहळू कळतील. एक मात्र सांगतो. जाहिरातीत ज्याचं नाव ‘सूत्रधार’ म्हणून छापतात तो नांदी म्हणत नाही. थिएटरच्या तारखा, गाडी, नटांची नाइट म्हणजे प्रयोगाचे पैसे, हे सगळं त्याच्याकडे असतं. आणि तिसरी घंटा झाली की राज्य रंगमंच व्यवस्थापकाचं. दिग्दर्शकानेसुद्धा मग विंगेत लुडबुड करू नये. करतात बरेचजण, तो भाग वेगळा.

‘तो मी नव्हेच’ 1962 साली आलं ते फिरत्या रंगमंचावर. पणशीकरांच्या पाच भूमिका, कोर्ट आणि साक्षीदारांनी सांगितलेले प्रसंग, हे सारं पडदा पाडून बदलत बसले असते तर खटल्याची धार गेली असती. दहा वर्षांनी ‘घाशीराम कोतवाल’ आलं. तिथे सेट म्हणावा असा नव्हताच. ब्राह्मणांची रांग पाठ करून उभी राहिली की तीच भिंत, तोच पडदा. एकीकडे यंत्र, दुसरीकडे नुसती माणसं, पण दोन्हीकडे नाटक क्षणभरही थांबलं नाही. नाटक कुठे थांबतं का, हाच प्रश्न तुझ्या वाड्याला विचार. दुसऱ्या प्रवेशात तो चौक बाजार होणार आहे ना? वृंदावन कोण उचलणार, किती सेकंदांत, ब्लॅकआउटमध्ये?

व्यावसायिक रंगभूमीवर तर एकाच थिएटरात सकाळ, दुपार, रात्र अशी तीन वेगवेगळी नाटकं लागतात. आधीच्या नाटकाचा सेट निघेपर्यंत तुझा आत जात नाही, आणि तिसऱ्या घंटेची वेळ तर हलत नाही. म्हणून फ्लॅट बिजागरीवर दुमडणारा हवा, लेव्हल दोघांना उचलता आली पाहिजे, आणि सगळं एका टेम्पोत मावलं पाहिजे. दादरला बसलेला सेट ठाण्याला तसाच बसेल असंही समजू नकोस. प्रत्येक रंगमंचाची मापं निराळी.

चित्र परत पाठवतोय. त्याच्या शेजारी वरून दिसणारा नकाशा काढ, मापं फुटांत लिही आणि प्रत्येक एंट्री-एक्झिट बाणाने दाखव. शनिवारी रात्री आमचा सेट लागताना ये. टेप घेऊन ये आणि पायात बूट घाल, चपला नकोत; खाली खिळे पडलेले असतात.

तुझा,
मामा