वाळू मुठीत घेऊन बघ

पोरी, फायनल इयरचा प्रोजेक्ट शिरोलीच्या फौंड्रीत मिळाला म्हणालीस, फार आनंद झाला. माझी उमर क्वालिटीत गेली, दरवर्षी कॉलेजची मुलं यायची. त्यांच्याबरोबर जे शिकलो ते तुझ्या कानावर घालतो.

विषय बारीक घे. ‘रिजेक्शन कमी करणे’ हा मालकाचा जन्माचा घोर आहे, तुझ्या आठ महिन्यांत मावणार नाही. एकच पार्ट धर, एकच दोष धर. ब्लोहोल तर ब्लोहोलच. आज शंभरात किती जातात ते स्वतः मोजून वहीत लिही. सुरुवातीचा आकडाच नसेल तर शेवटी काय सुधारलं हे कशावरून सांगणार?

आमच्याकडे एका ग्रुपनं वाळूच्या ओलाव्यावर काम घेतलं होतं. पोरं हुशार, कष्टाळू. सकाळी दहाला यायची, दोनची बस धरायची. ओलावा 3.5 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे चोख. कास्टिंग मात्र बाद होतच होती. दीड महिना असा गेला. शेवटी एका मोल्डरमामांनी त्यांना संध्याकाळी थांबवून घेतलं आणि एकाच्या हातात वाळू ठेवली. मूठ दाबली, गोळा झाला. मोडला तर कडा भुरभुरल्या, आणि तळवा चांगलाच तापला. ओतकाम दुपारनंतर जोरात चालायचं. साच्यातून सुटलेली वाळू निवायच्या आत परत मिक्सरला जात होती. वाळू 50 अंशांच्या वर गेली की घातलेलं पाणी साचा होईपर्यंत उडून जातं. सकाळी पोरं मोजायची ती रात्रभर निवलेली वाळू! त्यांना पहिल्याच आठवड्यात सेकंड शिफ्टला बसवायला हवं होतं, ते माझ्याकडून राहिलं. तू आपणहून बस.

कोल्हापूरची फौंड्री उसाचे चरक आणि ऑइल इंजिनं सांभाळत मोठी झाली. इथल्या कारागिराचं ज्ञान हातात असतं, ते विचारल्याशिवाय बाहेर येत नाही. विचार, पण ओतकाम चालू असताना नको, चहाच्या सुट्टीत. आणि त्यांनी सांगितलेलं रिपोर्टमध्ये त्यांच्या नावानिशी लिही.

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ट्रायल मागू नकोस. डिस्पॅचची घाई असते, साहेब हो म्हणतील आणि सुपरवायझर मनातून नाराज होईल. ड्रॉइंग बहुतेक वेळा गिऱ्हाइकाचं असतं, फोटो विचारूनच काढ. कोणता डेटा मिळणार, काय छापायचं नाही, ट्रायलचा खर्च कोणाचा, हे तुमचे सर आणि कंपनी यांच्यात आधीच कागदावर येऊ दे. तोंडी बोलण्यावर पुढे मनं दुखावतात.

व्हायवाच्या जाड रिपोर्टशिवाय एक पान मराठीत कर. जसं, वाळू किती तापली की थांबायचं, मोजायचं कुठे, कोणी. ते मिक्सरशेजारी लाव आणि महिन्याभरानं जाऊन बघ, कोणी वाचतंय का. मला तुझे मार्क सांगू नकोस, ते पान टिकलं का ते सांग.

लोखंड ओततात ते 1400 अंशांच्या आसपास. जाड सुती कपडे घाल, नायलॉनची ओढणी अजिबात नको. ठिणगी पडली की ते वितळून कातडीला चिकटतं. सेफ्टी बूट मी आणतो, पायाचं माप आजच कळव.