मधमाशी आणि कोळी

ओसरीच्या वाशाला लागलेल्या जाळ्यात मधमाशी तडफडताना दिसली, की कोळी हा मधमाश्यांचा मोठा वैरी असा ग्रह होतो आणि केरसुणीऐवजी विषारी फवारा हाती घेतला जातो. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात कांद्याचे बी धरणाऱ्या बागाइतदारास ही घाई महागात पडेल. कांद्याच्या फुलात पराग आधी पिकतात, स्त्रीकेसर मागाहून तयार होतो. तेव्हा परागांची ने-आण करण्यास माशी पाहिजेच.

चक्राकार जाळे विणणाऱ्या कोळ्यास माशीच्या धडपडीचे हादरे धाग्यांवरून कळतात. नांगीवाले भक्ष्य असल्यास तो पुष्कळदा आधी त्यास धाग्यांत गुंडाळतो व मग चावतो. दुसरा, खेकड्यासारखा तिरपा चालणारा कोळी, जाळे न विणता फुलावरच दबा धरतो. ऑस्ट्रेलियातील अशा एका जातीच्या अंगावरून अतिनील किरण परावर्तित होतात आणि त्यामुळे मधमाश्या त्या फुलाकडे अधिक ओढल्या जातात, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. आपणांस न दिसणारे हे किरण माशीस दिसतात!

तथापि नुकसानीचा हिशेब पाहू. सातेरी माश्यांच्या भरल्या पेटीत कामकरी माश्या हजारोंनी असतात. हंगामात त्यांचे आयुष्य सुमारे सहा आठवडे; त्यांतील अखेरचे दोन-तीन आठवडेच त्या बाहेर चरावयास जातात. राणी रोज शेकडो अंडी घालीत असता चार-दोन माश्यांची तूट सहज भरून निघते. उलट, फवारलेल्या फुलावरील विष माशी पोळ्यात नेते आणि सारी वसाहत धोक्यात येते. शिवाय कोळी पिकावरील तुडतुडे खातो, मेणकिड्याचे पतंगही धरतो.

एका वेळी मात्र आम्ही कोळ्याची गय करू नये असे म्हणू. नवी राणी नरांशी संयोगासाठी पेटीबाहेर उडते, त्या दिवसांत दारासमोरील एखादे जाळेही घातक ठरते. राणी हरपली आणि पेटीत नवी राणी करण्याजोगी कोवळी पिल्लावळ उरली नसली, तर ती वसाहत बाहेरून राणी दिल्यावाचून टिकत नाही. म्हणून पेटीच्या दारासमोरील व झाकणाखालील जाळी आठवड्यास एकदा काडीने काढावीत आणि जाळ्यास आधार देणारे उंच गवत कापावे. बांधावरील व पिकातील कोळी तसेच राहू द्यावेत. पिकावर औषध मारणे भागच असेल, तर फुलोऱ्याचे दिवस टाळून, माश्या परतल्यावर सायंकाळी मारावे.