अडगळ आणि दहा दिवसांची मुदत

आपल्या घराकडे एकदा डोळसपणे पाहिले असता असे आढळून येते, की वस्तू घरात सहज येतात, पण बाहेर जाताना अडून बसतात. लग्नात आलेले डबे, बंद पडलेला मिक्सर, मुलांना आखूड झालेले कपडे, 'कधीतरी लागेल' म्हणून ठेवलेल्या पिशव्या. आधी माळा भरतो, मग पलंगाखालची जागा, शेवटी खिडकी. सांताक्रूझ, वाकोला, कालिना भागात आपल्यापैकी अनेकांची घरे चाळीत किंवा झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत आहेत. या योजनेतील घर आधी २२५ व पुढे २६९ चौरस फुटांचे असे. एवढ्या जागेत नको असलेले एक कपाट म्हणजे एका विद्यार्थ्याची अभ्यासाची जागा होय.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. पाणी ओसरल्यावर भिजलेल्या गाद्या, कपडे, वह्या-पुस्तके यांचे ढीग गल्लोगल्ली पडले. पुढील आठवड्यांत लेप्टोस्पायरोसिसने मुंबईत बळी घेतले. हा रोग उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून पसरतो, आणि उंदरांना अडगळ फार मानवते. सबब, हा प्रश्न टापटिपीपुरता मर्यादित नाही.

धम्माची दृष्टी

'बुद्ध की कार्ल मार्क्स' या निबंधात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भिक्खूस स्वतःजवळ ठेवता येणाऱ्या आठ वस्तू दिल्या आहेत : तीन चीवरे, कमरपट्टा, भिक्षापात्र, वस्तरा, सुई आणि पाणी गाळण्याचे साधन. हा नियम भिक्खूंसाठी आहे. अनाथपिंडिकासारख्या गृहस्थास मात्र तथागतांनी चार सुखे सांगितली : न्यायाने मिळविलेली संपत्ती असणे, तिचा उपभोग व दान, कर्जमुक्त असणे आणि निर्दोष आचरण. म्हणजे गृहस्थाने दरिद्री राहावे, असे धम्म सांगत नाही. वस्तूचा उपयोग व्हावा आणि तिच्यापायी कर्ज होऊ नये, एवढेच तो सांगतो.

विनयपिटकातील एक प्रसंग येथे लक्षात घेण्याजोगा आहे. आनंदाला एक जादा चीवर मिळाले. ते सारिपुत्ताला द्यावे अशी त्याची इच्छा होती. पण सारिपुत्त साकेत येथे होता व नऊ-दहा दिवसांनी परतणार होता. तेव्हा तथागतांनी जादा चीवर दहा दिवसांपर्यंत ठेवण्यास परवानगी दिली. या मुदतीमागे घेणारा माणूस आहे. जादा वस्तू ठेवायला हरकत नाही. मात्र ती कोणासाठी व कधीपर्यंत, हे ठरलेले असावे.

दुसरा प्रसंग कोसंबीचा. उदेन राजाच्या राण्यांनी आनंदाला पाचशे चीवरे दिली. एवढ्यांचे काय करणार, असे राजाने विचारले. आनंद म्हणाला, ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्या भिक्खूंना वाटून देऊ. जीर्ण चीवरांची आच्छादने होतील, त्यांच्या गाद्यांच्या खोळी, पुढे जमिनीवरची अंथरणे, पायपुसणी, झाडण्याची फडकी. आणि शेवटी चिंध्या मातीत मळून जमीन सारवू. राजाचे समाधान झाले.

आचरणात कसे आणावे?

१. एका वेळी एकच जागा घ्यावी : आज माळा, पुढील रविवारी कपाट.

२. बाजूला काढलेल्या प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी लावावी : घेणाऱ्याचे नाव व दहा दिवसांनंतरची तारीख. नाव सुचत नसेल तर मुदत संपताच ती रद्दीवाल्याला किंवा भंगारवाल्याला द्यावी.

३. दान चांगल्या स्थितीतील वस्तूंचेच करावे. फाटका गणवेश गरिबाला देणे म्हणजे आपली अडगळ त्याच्या घरी लोटणे होय.

४. बोहारणीला जुन्या साड्या जरूर द्याव्यात, तिचे पोट त्यावर आहे. मात्र बदल्यात नको असलेले पातेले घेतले, तर अडगळीने नुसते रूप पालटले.

५. बंद पडलेले रेडिओ, मोबाइल, बॅटरी ओल्या कचऱ्यात टाकू नयेत. ई-कचरा स्वीकारणाऱ्या अधिकृत केंद्रात द्याव्यात.

काय टाकू नये?

शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, गुणपत्रिका व घराची कागदपत्रे प्लास्टिकच्या पाकिटात घालून उंचावर ठेवावीत. चळवळीची जुनी पत्रके, अंक, सभेची छायाचित्रे वजनावर विकू नयेत. उद्याचा इतिहास त्यांतूनच लिहिला जाईल. पुस्तकांचेही तसेच. बाबासाहेबांनी दादरचे 'राजगृह' ग्रंथांना जागा मिळावी म्हणून बांधले. ते ग्रंथ वाचले जात होते. वाचून झालेली क्रमिक पुस्तके मात्र धाकट्या विद्यार्थ्याच्या हाती जावीत.

अभ्यासासाठी प्रश्न

(१) भिक्खू व गृहस्थ यांच्या मालकीविषयीच्या नियमांत कोणता फरक आहे?
(२) दहा दिवसांची मुदत कोणत्या कारणाने पडली?
(३) आपल्या घरातील तीन जादा वस्तू निवडा. प्रत्येकीपुढे घेणाऱ्याचे नाव व तारीख लिहा, आणि त्या तारखेपूर्वी ती पोहोचती करा.