घरीं बांधिलेलें विमान आणि त्याचा इंधनमापक

विमान म्हणजे मोठमोठ्या कारखान्यांतच तयार व्हावयाची वस्तु, अशी आपल्यापैकीं बहुतेकांची समजूत असते. परंतु अमेरिकेंत हजारों हौशी लोक आपल्या घराच्या गॅरेजांत स्वतःच्या हातांनीं विमानें बांधितात आणि त्यांत बसून उडतातहि. १९५३ सालीं मिलवॉकी शहरीं अशा मंडळींनीं ‘एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’ ही संस्था स्थापिली. विमानाच्या कामाचा निम्म्याहून अधिक भाग हौशी माणसांनीं शिक्षणासाठीं अथवा करमणुकीसाठीं स्वतः केलेला असावा, ही तेथील कायद्याची मुख्य अट आहे. आपल्या मुंबईंतहि कांदिवलीच्या चारकोप भागांत अमोल यादव ह्या वैमानिकानें घराच्या गच्चीवर विमान बांधिलें व तें २०१६ सालीं ‘मेक इन इंडिया’च्या प्रदर्शनांत ठेविलें होतें, हें पुष्कळ पालकांच्या स्मरणांत असेल.

अशा विमानांतील एकच लहानशी वस्तु आम्ही येथें विचारासाठीं घेतों. ती म्हणजे टांकींत पेट्रोल किती उरलें हें सांगणारा मापक. जुना मापक काढून नवा बसविणें हें काम ह्या हौशी मंडळींत नेहमीं चालतें. विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. मोटारींतलें पेट्रोल संपलें तर ती रस्त्याच्या कडेला उभी राहते आणि धक्का मारावयास चार माणसें मिळतात. आकाशांत रस्त्याला कडा नसते.

१९९७ सालच्या ऑक्टोबरच्या १२ तारखेस विख्यात अमेरिकन गायक जॉन डेन्व्हर हे कॅलिफोर्नियांतील माँटेरे येथून ‘लाँग-ईझी’ जातीच्या एका घरगुती विमानांतून एकटेच निघाले. आराखडा बर्ट रूटान ह्या नामांकित अभियंत्याचा, परंतु बांधणी दुसऱ्या एका हौशी माणसाची होती. डेन्व्हर हे अडीच हजारांहून अधिक तास उड्डाण केलेले वैमानिक होते. हें विमान मात्र त्यांनीं नुकतेंच विकत घेतलें होतें. इंधनाची पातळी पाहण्याच्या पारदर्शक पट्ट्या त्यांच्या पाठीमागें होत्या, व त्यांवर एकहि खूण नव्हती. एका टांकीवरून दुसऱ्या टांकीवर जाण्याची मूठ आराखड्याप्रमाणें पायांजवळ असावयाची, ती बांधणारानें डाव्या खांद्यामागें बसविली होती. मागील पट्ट्या दिसाव्या म्हणून एका कारागिरानें त्यांस लहानसा आरसा दिला. पेट्रोल भरावयाचें काय, असें विचारलें असतां, तासभरच उडावयाचें आहे म्हणून त्यांनीं नको म्हटलें. थोड्याच वेळांत विमान समुद्रांत कोसळलें व ते मरण पावले. ती मूठ फिरविण्याच्या खटपटींत लक्ष विचलित झालें, नकळत उजव्या पायाखालची पट्टी दाबली गेली आणि विमान हातचें गेलें, असा चौकशीमंडळाचा निष्कर्ष झाला. इंधन न भरणें, मुठीची अवघड जागा व बिनखुणांचा मापक हींहि कारणें त्या मंडळानें नमूद केलीं आहेत.

आतां मापकाच्या रचनेकडे वळूं. जुन्या पद्धतीचा मापक म्हणजे आपल्या घरच्या पाण्याच्या टांकींत नळ बंद करणारा जो तरंगता गोळा असतो, त्याचाच धाकटा भाऊ. गोळा एका दांडीच्या टोकाला असतो. पातळीबरोबर तो वरखालीं होतो, दांडीचें दुसरें टोक विजेला रोध करणाऱ्या तारेवरून सरकतें, आणि विजेचा प्रवाह कमीअधिक झाल्यानें तबकडीवरील कांटा हलतो. विमानाच्या सततच्या कंपनानें तार झिजते, दांडी वांकते, गोळा टांकीच्या भिंतीला घांसून अडकतो.

ह्याहून मौजेची अडचण निराळीच आहे. कित्येक विमानांत टांक्या पंखांत असतात, आणि पंख टोंकाकडे किंचित् वर उचललेले असतात. गोळा बसविलेला असतो तो धडाजवळच्या खालच्या टोकाला. पेट्रोल ओतूं लागलों म्हणजे हें टोक आधीं भरतें व गोळा छताला टेकतो; बाहेरचें टोक तेव्हां अजून रिकामेंच असतें. तेंहि भरून विमान उडालें, तरी बाहेरचें पेट्रोल खर्च होईपर्यंत कांटा ‘पूर्ण’ ह्या खुणेवरच बसून राहतो. हा दोष कांट्याचा नव्हे, भूमितीचा आहे. भूमितीच्या तासाला जांभया देणाऱ्या मित्रांनीं ह्याची नोंद घ्यावी.

नव्या मापकांपैकीं एका प्रकारांत हलणारा भागच नसतो. एका धातूच्या नळींत दुसरी नळी, एकमेकींस न टेकतां, टांकींत बसवितात. दोन नळ्यांमध्यें विजेचा भार सांठतो; मध्यें हवा असेल तर जितका सांठतो, त्याच्या सुमारें दुप्पट पेट्रोल असतां सांठतो. ह्या फरकावरून यंत्र पातळी ओळखतें. नळी लांब असली तर बाहेरच्या टोकाचें पेट्रोलहि मोजलें जातें. परंतु पेट्रोलांत मद्यार्क मिसळलेला असला तर गोष्ट बिघडते. शुद्ध इथेनॉल हवेच्या सुमारें चोवीसपट भार सांठवितें. म्हणून अशा मिश्रणांत मापक खऱ्याहून अधिक इंधन दाखवितो. आपल्याकडे पंपावरील पेट्रोलांतहि आतां २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें, हें येथें आठवावें. अडकलेल्या कांट्याचा वैमानिकाला लवकर संशय येतो. पडद्यावर दशांशासह झळकणाऱ्या आंकड्याचा येत नाहीं. आमच्या मतें नव्या मापकाचा खरा धोका तोच होय.

म्हणून मापक बसविण्यापेक्षां त्याच्या खुणा पाडण्याचें काम महत्त्वाचें. टांकी प्रथम पूर्ण रिकामी करतात व विमान जमिनीशीं तारेनें जोडून ठेवितात, कारण पेट्रोलाच्या वाफेला एक ठिणगी पुरते. मापक बसवून सांधा चिकट लेपानें बंद करितात, आणि लेप पुरता वाळल्यावर गळती तपासतात. नंतर विमान उडतांना जसें असतें तसें ठेवितात. शेपटीखालीं चाक असणाऱ्या विमानाची शेपूट त्यासाठीं तिवईवर उचलावी लागते. टांकीच्या तळाशीं जें थोडें पेट्रोल इंजिनापर्यंत पोंचूं शकत नाहीं, तेवढें ओतून तेथें शून्य धरितात. मग दोन दोन गॅलन, म्हणजे सुमारें साडेसात लिटर, मोजून ओतावयाचें, पृष्ठभाग स्थिर होऊं द्यावयाचा, आंकडा लिहावयाचा. २१ गॅलनांच्या टांकीला अशा दहाअकरा नोंदी होतात, आणि दुसऱ्या टांकीला पुन्हां तितक्याच. काम कंटाळवाणें खरें, पण त्याला आडवाट नाहीं.

लांकडी मोजपट्टीवरच्या खुणा मात्र शेपूट जमिनीवर टेकवूनच पाडाव्या लागतात, कारण उड्डाणापूर्वीं ती विमान उभें असतांना टांकींत बुडवावयाची असते. इतकें झाल्यावर विमान उडवून आणितात, टांकी पुन्हां कांठोकांठ भरितात, आणि भरण्यास लागलेलें पेट्रोल मापकानें दाखविलेल्या खर्चाशीं ताडून पाहतात. दोन्ही आंकडे जुळले नाहींत तर टांकी रिकामी करून पहिल्या दोन गॅलनांपासून पुन्हां सुरुवात करावयाची.