डोंगरावरचा वारा आणि बिनइंजिनाचे विमान



विमान म्हटले की आपल्याला इंजिनाचा मोठा आवाज आठवतो. पण एक विमान असेही असते की त्याला इंजिनच नसते. त्याला ग्लायडर म्हणतात. त्यात पेट्रोल घालावे लागत नाही. तरी ते शेकडो किलोमीटर जाते. हे कसे होते, आणि ते उडवणारे लोक मुद्दाम डोंगराजवळ का जातात, ते आज पाहू.

१) ग्लायडर कसे उडते?

ग्लायडरचे पंख लांब आणि अरुंद असतात. अंग हलके असते. आत एक किंवा दोन माणसे बसतात. जमिनीवरून वर चढवायला विंच नावाचे यंत्र असते. ते लांब दोर भराभर गुंडाळते. आपण पतंगाचा दोरा धरून धावलो की पतंग चढतो, तसे ग्लायडर चढते. वर गेल्यावर दोर सोडून देतात. कधी कधी दुसरे इंजिनाचे विमान त्याला ओढून वर नेते.

दोर सुटला की ग्लायडर पुढे जाता जाता हळूहळू खाली येऊ लागते. चांगले नवे ग्लायडर १ किलोमीटर खाली येईपर्यंत ४० ते ५० किलोमीटर पुढे जाते. म्हणजे वर्ध्यावर १ किलोमीटर उंच सोडले, तर हिंगणघाटपर्यंत जाईल. मग शेकडो किलोमीटर कसे जाते? याचे उत्तर विहिरीवर मिळते. आपण बादली वर ओढत असतो. दोरावर एक मुंगी खाली खाली चालत असते. तरी ती वरच येते, कारण दोरच वर चालला आहे. तसेच हवा वर चढत असली, तर तिच्यातले ग्लायडरही वर जाते.

२) हवा वर कोठे चढते?

पहिली जागा उन्हाची. उन्हाळ्यात आपले काळे वावर फार तापते. त्याच्यावरची हवा गरम होऊन वर जाते. वैशाखात वावरात वावटळ उठते, तीही तापलेल्या जमिनीमुळेच. घार याच हवेत फिरते. आमचे आबाजी म्हणतात, "घारीले पंख हालवा लागत नाही. तिले गरम हवेची जागा सापडली की ते गोल गोल फिरते अन् वर जाते." ग्लायडरवालेही तसेच गोल फिरून उंची घेतात. अशा हवेच्या माथ्यावर पुष्कळदा फुटलेल्या कापसाच्या बोंडासारखा पांढरा ढग असतो. त्यावरून जागा ओळखतात.

दुसरी जागा डोंगराची चढण. वारा डोंगरावर आदळला की त्याला पुढे वाट नसते. मग तो चढणीवरून वर जातो. ग्लायडर त्या चढणीच्या काठाने उडत राहते. मात्र डोंगराच्या पलीकडच्या बाजूला हवा खाली उतरते. तिकडे गेले तर ग्लायडरही खाली जाते.

तिसरी जागा लाटेची. नाल्यात पाण्याखाली मोठा धोंडा असला, तर धोंड्याच्या पुढे पाण्यात उंचसखल लाटा दिसतात. पाणी वाहून जाते, पण लाट जागच्या जागी राहते. मोठ्या पर्वतावरून जोराचा वारा गेला की त्याच्या पलीकडे हवेतही तशाच लाटा होतात. लाटेच्या चढत्या भागात ग्लायडर फार उंच जाते.

३) मग डोंगरच का?

सपाट मुलखात गरम हवा शोधत हिंडावे लागते. ती डोळ्यांना दिसत नाही आणि संध्याकाळी ऊन उतरले की संपते. डोंगर मात्र एका जागी उभा असतो. वारा कोणत्या बाजूने येतो ते कळले, की हवा कोठे चढेल ते कळते. डोंगरांची लांब रांग असली तर तो ग्लायडरचा रस्ताच होतो. दक्षिण अमेरिकेत अँडीज नावाची फार लांब पर्वतरांग आहे. तेथे २००३ साली क्लाउस ओलमन या जर्मन वैमानिकाने एकाच उड्डाणात ३,००९ किलोमीटर अंतर कापले. तेथेच २०१८ साली पर्लान-२ हे ग्लायडर दोन वैमानिकांना घेऊन सुमारे २३ किलोमीटर उंच गेले. प्रवासी विमाने साधारण १० ते १२ किलोमीटर उंचीवरून जातात!

४) आपल्या देशात

पुण्याजवळ हडपसरला सरकारी ग्लायडिंग सेंटरचे मैदान आहे. तेथे पुष्कळ लोक ग्लायडर उडवायला शिकले. आपल्या देशात ग्लायडर तयारही झाले. १९५८ साली अश्विनी, १९६१ साली रोहिणी आणि १९७० साली मृगशीर्ष उडाले. ही नक्षत्रांची नावे आहेत. रोहिणी आणि मृग तर आपल्या शेतकरी पालकांना पेरणीमुळे पाठच आहेत.

पुणे जिल्ह्यात कामशेतजवळ आणि हिमाचल प्रदेशात बीर-बिलिंगला लोक पॅराग्लायडिंग करतात. पॅराग्लायडर कापडाचा असतो. त्यालाही इंजिन नसते, आणि त्यालाही हाच डोंगराचा वारा व हीच गरम हवा वर नेते.

५) उतरायचे कोठे?

ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. चढती हवा सापडली नाही, तर ग्लायडरला खाली यावेच लागते. इंजिन नाही, म्हणून पुन्हा वर जाऊन दुसऱ्यांदा उतरता येत नाही. डोंगरात चढती हवा असते, पण दरी आणि झाडीमुळे उतरायला सपाट जागा थोडी असते. आपल्याकडे उलटे आहे. बोर धरणाकडच्या टेकड्या सोडल्या तर पुष्कळ मुलूख सपाट आहे, पण वावरात पऱ्हाटी उभी असते आणि विजेच्या तारा असतात. म्हणून वैमानिक उंच असतानाच खालची जागा पाहून ठेवतो. उभे पीक नको, तारा नको, उतार नको. जागा हाताशी असल्याशिवाय तो पुढच्या डोंगराकडे जात नाही. उंची म्हणजे त्याची शिल्लक आहे. ती सगळी खर्चून चालत नाही. घरात बियाणे राखून ठेवतात, तसेच हे आहे.

ग्लायडर शिकायचा परवाना १६ वर्षे पूर्ण झाल्यावर मिळतो. आपल्याला अजून सहा वर्षे आहेत. तोपर्यंत घारीकडे पाहून पुष्कळ शिकता येईल.

करून पाहा : दुपारी सावलीत बसून घार पाहा. ती किती वेळ पंख न हालवता फिरते ते मोजा.

सांगा पाहू :
१. दोरावरची मुंगी खाली चालूनही वर का येते?
२. डोंगराच्या कोणत्या बाजूला ग्लायडर नेऊ नये?
३. आपल्या गावात ग्लायडर उतरवायचे झाले तर चैत्रात कोणते वावर चालेल?

— इयत्ता ४ थी, जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, जि. वर्धा