ध्रुवीय जहाजप्रवास आणि निवेदकाचा ‘मी’

मराठीतील प्रवासवर्णनाच्या अभ्यासात लेखकाचे व्यक्तिमत्त्व हा निकष दीर्घकाळ मध्यवर्ती राहिला आहे. अनंत काणेकर यांच्या ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ (१९४०) या पुस्तकाने आत्मपर प्रवासलेखनाला प्रतिष्ठा मिळवून दिली आणि प्रवास म्हणजे प्रवाशाच्या मनातून दिसलेले जग, ही धारणा रूढ झाली. ध्रुवीय समुद्रातील जहाजप्रवासाच्या लेखनाला मात्र हा निकष जसाच्या तसा लावता येत नाही. लहानशा जहाजावरील वीस-पंचवीस माणसे एकाच बर्फात अडकतात. ग्रंथ मात्र बहुधा एकाच्या, म्हणजे नेत्याच्या नावावर निघतो. या अनेकांच्या अनुभवाचे त्या एका ‘मी’मध्ये काय होते, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात फ्रित्यॉफ नान्सेन यांचा ‘फार्दस्ट नॉर्थ’ (१८९७) आणि अर्नेस्ट शॅकल्टन यांचा ‘साउथ’ (१९१९) या दोन ग्रंथांच्या आधारे केला आहे.

१

‘जॅनेट’ हे जहाज १८८१ मध्ये न्यू सायबेरियन बेटांच्या परिसरात बर्फाने चिरडले गेले. त्याचे अवशेष १८८४ मध्ये ग्रीनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्याला आढळले. यावरून आर्क्टिक महासागरातील बर्फ एका दिशेने वाहत असावे, असा तर्क नान्सेन यांनी केला. बर्फाशी झुंजण्याऐवजी त्याच्यात जहाज मुद्दाम गोठू द्यावे आणि प्रवाहाबरोबर वाहत जावे, ही त्यांची योजना होती. कॉलिन आर्चर यांनी बांधलेल्या ‘फ्राम’चे (१८९२) पोट यासाठीच गोलसर ठेवले होते. दोन्ही बाजूंनी दाब आला की जहाज चिरडले न जाता वर उचलले जावे, हा त्यामागील हेतू. सुकाणू आणि प्रोपेलर वर ओढून घेण्याचीही सोय होती.

‘एन्ड्युरन्स’ची घडण निराळी होती. १९१२ मध्ये नॉर्वेतील सांदेफ्योर्ड येथे ‘पोलारिस’ या नावाने पाण्यात उतरलेले हे जहाज मुळात धनिक पर्यटकांच्या ध्रुवीय सफरींसाठी बांधलेले होते. ते अत्यंत भक्कम होते. परंतु दाबाखाली वर उचलले जाण्यासाठी त्याची रचना नव्हती. जानेवारी १९१५ मध्ये ते वेडेल समुद्रात अडकले. २७ ऑक्टोबर १९१५ रोजी ते सोडून द्यावे लागले आणि २१ नोव्हेंबरला ते बुडाले.

२

जहाजांच्या घडणीतील हा भेद निवेदनाच्या घडणीतही उतरलेला दिसतो. ‘फ्राम’चे अडकणे हीच योजनेची सिद्धी असल्याने नान्सेन यांच्या ग्रंथात रोजनिशीला मोठे स्थान मिळाले. घटना घडत नाहीत, तेव्हाही दिवस नोंदले जातात. सुरुवातीच्या काळात जहाज उत्तरेऐवजी दक्षिणेकडे सरकू लागले, तेव्हाची अस्वस्थता शेवट ठाऊक नसलेल्या माणसाची आहे. कंटाळा हा या ग्रंथाचा दोष नसून विषय आहे.

तथापि १४ मार्च १८९५ रोजी नान्सेन आणि यालमार योहान्सेन यांनी ध्रुवाच्या दिशेने जाण्यासाठी जहाज सोडले. ते ८६ अंश १४ मिनिटे उत्तर अक्षांशापर्यंत पोहोचले आणि परतताना त्यांनी फ्रान्झ योझेफ लँडवर हिवाळा काढला. इकडे जहाज वाहतच राहिले आणि ऑगस्ट १८९६ मध्ये बर्फातून मोकळे झाले. ज्या प्रवाहाच्या सिद्धान्तासाठी मोहीम निघाली, त्याचा अखेरचा पुरावा नेत्याच्या गैरहजेरीत मिळाला. म्हणूनच ग्रंथाच्या अखेरीस जहाजाचे कप्तान ऑट्टो स्वेर्द्रूप यांचा वृत्तान्त जोडावा लागला. ही केवळ पुरवणी नव्हे. नेत्याचा ‘मी’ जहाजापासून दुरावताच प्रवासाला दुसरा निवेदक लागतो, याची ती कबुली आहे.

३

‘साउथ’ची परिस्थिती याहून गुंतागुंतीची आहे. हा ग्रंथ शॅकल्टन यांनी मुख्यतः एडवर्ड साँडर्स यांना सांगून लिहवून घेतला. तेव्हा सुटका होऊन गेली होती. शेवट ठाऊक होता. त्यामुळे प्रत्येक संकट सुटकेच्या उजेडात मांडले जाते. वेडेल समुद्राच्या बाजूचे अठ्ठावीसही जण वाचले, ही वस्तुस्थिती मोठीच आहे. परंतु त्याच मोहिमेच्या रॉस समुद्राकडील तुकडीतील तीन जण मृत्यू पावले. त्यांची हकीकत ग्रंथात आहे. लोकस्मृतीत मात्र ‘एकही माणूस न गमावणारा नेता’ एवढेच उरले.

याहून सूक्ष्म प्रश्न हॅरी मॅकनिश या सुताराचा आहे. डिसेंबर १९१५ च्या अखेरीस बर्फावरून होड्या ओढत नेण्याचा प्रयत्न चालू असताना त्याने पुढे जाण्यास नकार दिला. जहाज बुडाले, तेव्हा जहाजावरील सेवेचा करारही संपला, असा त्याचा युक्तिवाद होता. शॅकल्टन यांनी करारपत्र सर्वांना वाचून दाखविले आणि प्रसंग निभावला. मॅकनिशचा नकार हा केवळ शिस्तभंग नव्हता. ज्या वस्तूमुळे ही माणसे ‘आपण’ झाली, ती वस्तूच नाहीशी झाल्यावर त्यांना एकत्र कोण बांधते, हा मूलभूत प्रश्न त्यात होता. ‘साउथ’च्या निवेदनाला हा प्रश्न पेलला नाही. हा प्रसंग कळतो तो इतरांच्या नोंदींतून.

विशेष असे की, ‘जेम्स केर्ड’ या होडीच्या बाजू उंचावून आणि तिला कॅनव्हासचे छत करून ती महासागरासाठी तयार करण्याचे काम मॅकनिशनेच केले. त्या होडीतून दक्षिण जॉर्जिया गाठता आले, म्हणूनच एलिफंट बेटावर मागे राहिलेल्या बावीस जणांची ३० ऑगस्ट १९१६ रोजी सुटका होऊ शकली. तरीही ध्रुवीय पदकापासून वंचित राहिलेल्या चौघांत त्याचा समावेश होता. ग्रंथातील मौन आणि पदकाचा नकार या एकाच निर्णयाच्या दोन बाजू मानता येतील.

४

या विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतो. ध्रुवीय जहाजप्रवासाच्या ग्रंथाचे मूल्यमापन निवेदकाच्या व्यक्तिमत्त्वाच्या आकर्षकतेवर करणे अपुरे आहे. शॅकल्टन यांचे निवेदन धीरोदात्त आहे, यात शंका नाही. परंतु धीरोदात्ततेची किंमत कोणी मोजली, हे पाहिल्याशिवाय वाचन पुरे होत नाही. नेत्याच्या ग्रंथाशेजारी कप्तानाचा वृत्तान्त आणि सुताराची रोजनिशी ठेवून वाचणे, ही या प्रकारात अभ्यासकाची सवड नव्हे, गरज आहे.

५ मार्च २०२२ रोजी ‘एन्ड्युरन्स’चे अवशेष ३,००८ मीटर खोलीवर सापडले. जहाजाच्या मागील बाजूवर नाव स्पष्ट दिसते आणि त्याखाली पंचकोनी तारा. तो ‘पोलारिस’ या पहिल्या नावाची खूण आहे. नाव बदलले, तरी आधीची खूण पुसली गेली नाही. एका नावाच्या ग्रंथाखालीही इतरांच्या खुणा अशाच शिल्लक असतात. त्या वाचणे हे समीक्षेचे काम होय.