उड्डाणापूर्वीचा निर्णय : शायेन येथील विमान अपघाताचा अभ्यास

दिनांक ११ एप्रिल १९९६ रोजी सकाळी साडेआठच्या सुमारास अमेरिकेतील वायोमिंग राज्यात शायेन येथील विमानतळावरून चार आसनांचे एक सेस्ना विमान उडाले आणि काही क्षणांतच जवळच्या वस्तीत कोसळले. जेसिका डुब्रॉफ ही सात वर्षांची विद्यार्थिनी, तिचे वडील आणि तिचे प्रशिक्षक असे तिघे जण विमानात होते. तिघेही मृत्युमुखी पडले. देश ओलांडणारी सर्वांत लहान वैमानिक म्हणून जेसिकाचे नाव व्हावे, अशी योजना होती. आदल्याच दिवशी कॅलिफोर्नियातील हाफ मून बे येथून प्रवास सुरू झाला होता आणि पूर्व किनारा गाठून आठ दिवसांत परतावयाचे होते. वस्तुतः अशा विक्रमांची नोंद घेणे गिनीज ग्रंथाने त्यापूर्वीच थांबविले होते.

एवढ्या लहान मुलीच्या हाती विमान दिल्यामुळे अपघात झाला, असा सर्वसाधारण समज त्या वेळी पसरला. तो स्वाभाविक असला तरी अचूक नाही. त्या वेळी विमानाचे नियंत्रण प्रशिक्षकांच्याच हाती होते, असा निष्कर्ष राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाने चौकशीअंती काढला. मग अनुभवी वैमानिकाच्या हातून हे कसे घडले?

यातील विज्ञान शाळेतही समजावून देता येईल. पंखांवरून वाहणाऱ्या हवेमुळे विमान वर उचलले जाते. हवा विरळ असेल, तर तेवढीच उचल मिळविण्यासाठी अधिक वेग लागतो. शिवाय एंजिनाची शक्ती घटते. शायेन समुद्रसपाटीपासून ६,१५६ फूट उंचीवर आहे, तर हाफ मून बे समुद्रकाठी. प्रशिक्षकांना एवढ्या विरळ हवेत उड्डाण करण्याची सवय नव्हती. आपल्याकडे हा परिणाम उष्णतेमुळेही होतो. पुण्याची उंची जेमतेम १,९०० फूट आहे. परंतु मे महिन्यातील दुपारी तापमान ३८ अंशांवर गेले की तेथील हवा विमानाच्या दृष्टीने पाच हजार फुटांवरील हवेइतकी विरळ होते.

त्यात वजनाची भर पडली. विमानाला अनुज्ञेय असलेल्या सुमारे १,१३४ किलोपेक्षा उड्डाणाच्या वेळी सुमारे ४४ किलो अधिक भार होता. एरवी कदाचित हे निभावले असते. परंतु विमानतळाकडे वादळ सरकत होते, पाऊस सुरू झाला होता आणि वारा झोतांनी वाहत होता. दृश्यमानता नेहमीच्या मर्यादेखाली गेल्यामुळे नियंत्रण मनोऱ्याकडून खास परवानगी घ्यावी लागली. किंचित आधी उडालेल्या दुसऱ्या विमानाच्या वैमानिकाने हवेतील खळबळीची सूचनाही दिली होती. वेग घटला आणि पंखांना पुरेशी उचल मिळेना. या अवस्थेस वैमानिक ‘स्टॉल’ म्हणतात. ती पुरेशा उंचीवर आली, तर नाक खाली करून वेग परत मिळविता येतो. उड्डाणानंतर लगेच आली, तर त्यासाठी खाली जागाच नसते.

मंडळाने अपघाताचे कारण सांगताना बिघडत्या हवामानात, अतिरिक्त भारासह उड्डाण करण्याच्या निर्णयावर बोट ठेवले. त्याला साहाय्यक ठरलेली बाब म्हणून भरगच्च वेळापत्रक पाळण्याची इच्छा नोंदविली. ती अंशतः वृत्तमाध्यमांना दिलेल्या वचनांमुळे होती, हेही स्पष्ट केले. उद्घाटनाची वेळ व पाहुण्यांचे आगमन सांभाळणाऱ्या आपल्या अधिकाऱ्यांना हा दबाव परिचयाचा आहे! वादळ निघून जाईपर्यंत थांबणे अशक्य नव्हते. त्याच सकाळी एका प्रवासी विमानाने वादळामुळे आपले उड्डाण लांबणीवर टाकले होते.

अपघातानंतर १९९६ सालीच अमेरिकेच्या काँग्रेसने कायदा करून, खाजगी वैमानिकाचे प्रमाणपत्र नसलेल्या व्यक्तीस विक्रमासाठी वा हवाई स्पर्धेसाठी विमानाचे नियंत्रण हाती घेण्यास मनाई केली. भारतात शिकाऊ वैमानिकाच्या परवान्यासाठी किमान वय १६ वर्षे आहे. अशा नियमांनी विमान कोणी चालवावे हे ठरते. समोरच्या ढगांकडे पाहून त्या दिवशी उडावयाचे की नाही, हे मात्र तेथे बसलेल्या प्रमुख वैमानिकालाच ठरवावे लागते.